चार वाव पाणी

आई गेली त्याच्या चौथ्या महिन्यात मी बाबांना कतारला आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. ते नको म्हणत होते आणि मी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतो. मालवणजवळच्या आमच्या गावात खाडीच्या काठाला घर, घरात ते एकटे, शेजारणीने दिलेलं ताट संध्याकाळपर्यंत तसंच झाकलेलं. व्हिडिओ कॉलवर मला ते ताट दिसायचं. हा माणूस तिथे राहिला तर वर्ष काढणार नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इथला व्हिसा वाढवून घेता येत होता. अडचण एवढीच होती की बाबांना इथे राहायचं नव्हतं.

दोहातल्या मदिनत खलीफा भागातल्या आमच्या घरात ते सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसायचे. एसीचा वारा थेट अंगावर आला तरी जागा बदलायचे नाहीत. माझी मुलगी शाळेतून आली की विचारायची, "आजोबा, डू यू वॉन्ट टी?" तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. बाबा मान हलवायचे. ती मान हो ची की नाही ची हे तिला कळायचं नाही, मग ती चहा करून ठेवायची आणि त्याच्यावर साय धरायची. बायको बाजारातून हामूर मासा आणून त्यांच्यापुढे धरायची, "बघा ना बाबा, ताजा आहे का?" ते कल्ला उचलून बघायचे आणि म्हणायचे, "बर्फातलो." संपलं संभाषण.

दर शुक्रवारी सकाळी मात्र ते एक वाक्य न चुकता बोलायचे. "माका घराक जावचा आसा."

"थयसर कोण आसा, बाबा?" मी चिडून विचारायचो. चिडणं हा माझा जुना रोग आहे.

अशात ऑफिसमधल्या एकाचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं आणि त्याने आपली होडी विकायला काढली. अठरा फुटी, फायबरची, मागे एक इंजिन, ओढून न्यायला ट्रेलर. बायको म्हणाली, "तुम्हाला पोहता तरी येतं का धड?" पोहता येतं. मी कोळ्याचाच मुलगा, फक्त शिकलो म्हणून पाण्यापासून लांब गेलो. होडी आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून उभी राहिली त्या दिवशी बाबा आपणहून बाहेर आले. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बोटांच्या पेरांनी तळ वाजवून बघितला, इंजिनाचं पातं फिरवून बघितलं. मग आत जाऊन बायकोकडे नारळ मागितला. कुंकू लावून, नारळ फोडून, थोडं पाणी पुढच्या टोकावर शिंपडून त्यांनी तिला आपली करून घेतली. चार महिन्यांत त्यांनी काही मागितल्याची ती पहिली वेळ होती. मी गाडीच्या आड जाऊन डोळे पुसले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

पहिले दोन शुक्रवार आम्ही कतारच्या उत्तर टोकावरच्या अल रुवैस बंदरातून बाहेर पडलो. हाताला काही लागलं नाही. त्यापेक्षा वाईट झालं ते दुसऱ्या शुक्रवारी. आमच्याकडचे जुने लोक घोळ मासा कानाने शोधायचे. वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचं, दुसरं कानाला लावायचं. खाली घोळीचा कळप असला की तिचं घुमणं लाकडातून वर येतं. बाबा त्यात पंचक्रोशीत नावाजलेले होते. आता इथे घोळ असायचा संबंध नव्हता, हे त्यांनाही माहीत असणार. तरी त्यांनी होडीतलं ते ॲल्युमिनियमचं वल्हं पाण्यात सोडलं आणि वरची मूठ कानाला लावली. बराच वेळ लावून बसले. तीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसलेला कान तो. वल्हं खाली ठेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

परतीच्या वाटेवर मी ठरवलं की फिश फाइंडर बसवायचा. होडीच्या तळाला एक छोटं यंत्र असतं, ते पाण्यात आवाज सोडतं, तो आवाज तळावरून किंवा माशावरून परत आला की पडद्यावर चित्र उमटतं. कानाने ऐकू येत नाही तर डोळ्यांनी दिसेल, असा माझा सरळ हिशोब होता. आणि मासा मिळाला की बाबा राहतील. हे दुसरं वाक्य मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मी गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर आहे. दाब, तापमान, पातळी मोजणारे मीटर बरोबर दाखवतायत का, हे बघणं माझं काम. तेव्हा फिश फाइंडरच्या निवडीत मी जे काही दिवे लावले ते विचारू नका. तीन आठवडे मी व्हिडिओ बघितले. पडदा पाच इंची की सात, उन्हात दिसतो की नाही, आवाज एकाच सुराचा की अनेक सुरांचा, बाजूचंही दाखवतो की फक्त खालचं. ऑफिसात एक्सेल शीट केलं. बायकोने ते बघून विचारलं, "मुलीच्या कॉलेजचं केलंय का असं काही?"

दुकानात मी बाबांना घेऊन गेलो. काउंटरवरचा केरळचा माणूस हिंदीत बोलला, "अंकल के लिए बड़ी स्क्रीन लो सर. सब दिखाएगा, मछली, गहराई, नीचे पत्थर है या रेती." बाबांनी खोक्यावरचं चित्र निरखलं आणि मला विचारलं, "ह्यातसून आवाज येता काय?"

"आवाज येणा नाय, बाबा. चित्र दिसता."

"हां," ते म्हणाले. मी सात इंचीवाला घेतला.

बसवायची वेळ आली तेव्हा पहिला खटका उडाला. पाण्यात आवाज सोडणारा तो तुकडा होडीच्या मागच्या फळीला बाहेरून स्क्रूने बसवतात, पाण्याच्या रेषेखाली. मी ड्रिल काढलं आणि बाबा माझ्या आणि होडीच्या मधे येऊन उभे राहिले.

"जिका नारळ दिलो, तिच्या पोटाक भोक मारूचा नाय."

मी समजावलं. सीलंट लावतात, पाणी येत नाही, सगळे असंच करतात. ते हलले नाहीत. एरवी मी तोंड सोडलं असतं, पण त्या माणसाने कुठल्यातरी गोष्टीवर पाय रोवलेत, हेच मला इतकं बरं वाटलं की मी ड्रिल ठेवून दिलं. दुसरा मार्ग होता. तो तुकडा होडीच्या आतून, तळाला इपॉक्सीने चिकटवायचा. फायबर भरीव असेल तर आवाज त्यातून आरपार जातो. मात्र इपॉक्सीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळं फुकट.

ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं आणि ते दोन दिवस मला अजून आठवतात. बाबांनी बोटांनी तळ वाजवत वाजवत सांगितलं कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ. मी खूण केली. त्यांनी पॉलिश पेपरने जागा घासली, मी पुसली. इपॉक्सी ओतताना त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "सावकाश, एकाच बाजून." बुडबुडा राहिला नाही. दुपारी जेवताना त्यांनी आपणहून भात वाढून घेतला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मुलीने विचारलं, "इज आजोबा हॅपी?" मी म्हटलं, इन्शाल्ला.

वायर ओढण्याचं काम मी एकट्याने केलं. डेकखालून पुढे आणली, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी प्लांटवर बांधतो तशी ताणून, नीटनेटकी बांधली आणि पडद्याच्या मागे खुपसली.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. वाटेत मदिनत अश शमालला थांबून करक चहा घेतला. बाबा दोन कप प्यायले आणि टपरीवाल्याला मोठ्याने "शुक्रन" म्हणाले, आभाराचा हा अरबी शब्द माझ्या मुलीकडून शिकलेला. अल रुवैसला होडी पाण्यात सोडली. मी मागे दोरी सोडत होतो, फोनवर कोस्टगार्डला निघाल्याची वर्दी देत होतो. बाबांनी पुढून हाक मारली. पडदा चालू झाला होता.

"काय तरी लिवलेला इला हा."

"ओके दाबा," मी मागूनच ओरडलो. "मधला बटण."

त्यांनी दाबलं. पडद्यावर समुद्र आला.

काय सुंदर समुद्र होता तो. खाली लालपिवळा तळ, त्याला चढउतार, मधे निळं पाणी आणि पाण्यात मासे. बारीक मासे, मोठे मासे, प्रत्येकाशेजारी तो किती खोल आहे त्याचा आकडा. बाबा टोपी हातात घेऊन बसले होते. "म्हावरा आसा," ते म्हणाले. "म्हावरा आसा रे खाली." बंदरापासून बरंच बाहेर गेल्यावर मी इंजिन बंद केलं. त्यांनी गळाच्या गरीला आमिष म्हणून माकूल लावलं, दोरीच्या टोकाचं शिसं सोडलं आणि दोरी बोटांतून सरसर जाऊ दिली.

दोरी थांबली. त्यांनी ती ताठ केली, मग वर घेताना दोन्ही हात पसरून मोजली. हात पसरले की एक वाव. आमच्याकडे पाणी असंच मोजतात. "चार वाव. फार तर साडेचार," ते म्हणाले आणि पडद्याकडे बोट केलं. "आणि ह्यो किती सांगता?"

पडदा अठरा मीटर सांगत होता. म्हणजे दहा वाव.

"हयसर एवढा खोल नाय," बाबा म्हणाले. "माजी दोरी चार वाव सांगता."

आता मी काय करायला हवं होतं, हे मला प्लांटवरचा नवा पोरगाही सांगेल. तिथे आम्ही एका मीटरवर कधीच विसंबत नाही. दोन मीटर वेगळं बोलायला लागले की काम थांबवायचं आणि तिसऱ्याला विचारायचं. वीस वर्षं मी हेच करतोय, लोकांना शिकवतोय. आणि मी बापाला म्हणालो, "मशीन खोटा सांगणा नाय, बाबा. पाण्याक ओढ आसा, तुमची दोरी व्हावली आसतली. शिसा तळाक लागलाच नाय."

त्यांनी दोरीकडे बघितलं. पन्नास वर्षं शिसं तळाला टेकल्याचं ज्या बोटांनी ओळखलं त्या बोटांकडे बघितलं. मग त्यांनी आणखी दोरी सोडली.

तासाभराने ते म्हणाले, "तोच मासो परत परत येता." मी म्हटलं, कळप फिरत असेल. त्यांनी गरी बदलली, माकूल काढून कोळंबी लावली, होडीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले. पडद्यावर मासे येतच होते, एकेक हाताएवढा. उन्हाने होडी तापली. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मी वेड्यासारखा बोलत होतो, "बाबा, आता बघा, बरोबर खाली आसा, आता सोडा." ते सोडत होते. दरवेळी दोरी सैल पडायची, आडवी वाहत जायची आणि रिकामी वर यायची. पाच तास. एक साधा काटेरी मासासुद्धा नाही.

शेवटी त्यांनी दोरी गुंडाळली. घाई नाही, चिडचिड नाही. गुंडाळून डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

"म्हावरा आसा," ते म्हणाले. "माजो हात गेलो."

मी काहीतरी बोललो असेन. माशांचा मूड नसतो वगैरे. ते ऐकत नव्हते. गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला, मांडीवर हात पालथे ठेवले आणि रुवैस ते दोहा तसेच बसून राहिले.

त्यानंतर सोफ्याचा कोपरासुद्धा सुटला. ते खोलीतच राहायला लागले. बायको दार वाजवायची, ते "हां" म्हणायचे आणि उठायचे नाहीत. भात पुन्हा उरायला लागला. आता ते "घराक जावचा आसा" असंही म्हणत नव्हते आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. मी त्यांना घेऊन आलो तेव्हा त्यांच्याजवळ निदान एक गोष्ट शिल्लक होती, आपल्याला समुद्र कळतो ही. ती मी सात इंची पडदा लावून काढून घेतली, असं मला वाटायचं. अजून मला पुरतं माहीतही नव्हतं की मी काय केलंय.

बुधवारी ऑफिसातून लवकर आलो. होडी भिंतीशी ट्रेलरवर उभी होती. बॅटरी उतरवून ठेवावी म्हणून मी आत चढलो आणि चुकून पडद्याचं बटण दाबलं गेलं. चौकटीत काहीतरी आलं. सवयीने माझं बोट ओके वर गेलं आणि समोर तोच समुद्र उमटला. लालपिवळा तळ, अठरा मीटर पाणी. होडी जमिनीवर होती. खाली ट्रेलरची चाकं, विटांची फरशी, शेजारच्यांच्या मांजराची वाटी. आणि माझ्या पायाखालून हाताएवढा मासा सावकाश गेला.

मी पडदा बंद केला आणि पुन्हा चालू केला. या वेळी चौकटीतलं वाचलं. तळातलं यंत्र सापडत नाही, नमुन्यादाखल चित्र दाखवू का, असं ते विचारत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं की हे खरं नाही. मी पडद्यामागे हात घातला. माझ्या नीटनेटक्या, ताणून बांधलेल्या वायरने प्लग अर्धा बाहेर ओढला होता. मी तिथेच खाली बसलो.

मग एकदम आशा वाटली. हात गेलेला नव्हता. चार वाव म्हणजे चारच वाव होतं. मी धावत घरात गेलो, बाबांना दंडाला धरून उठवलं, "यल्ला बाबा, चला, तुमका काय तरी दाखवूचा आसा." ते चपला घालून बाहेर आले. मी त्यांना होडीपाशी उभं केलं, पडदा त्यांच्याकडे वळवला. कोरड्या फरशीवर मासे पोहताना त्यांनी बघितले. मी सगळं सांगितलं. प्लग निघालेला, चित्र बनावट, समुद्रात त्या दिवशी मासाच नव्हता.

"तुमची दोरी खरी हुती, बाबा. चूक माजी. तुमचो हात गेलेलो नाय."

ते पडद्याकडेच बघत होते. राग आलेला दिसत नव्हता. मला वाटलं, हसतील. मला शिव्या देतील. मी त्या शिव्यांची वाट बघत होतो.

"दोरी खरी हुती ता माका ठावक हुता," ते म्हणाले. "शिसा तळाक टेकला तर बोटाक कळता. पण तू म्हणालंस. तू शिकलेलो."

मी काही बोलणार इतक्यात ते पुढे म्हणाले, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "तुजी आवस पण सांगत हुती. पोटात दुखता, ह्या साधा नाय, म्हणान. तू फोनार लिवलंस, रिपोर्ट चांगले आसत, सगळा बरोबर आसा. तेवा पण मी गप रवलंय. तिका म्हटलंय, आपलो झिल शिकलेलो आसा, तुका काय कळता?"

मी खरंच तसं लिहिलं होतं. गावच्या लॅबचे रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर आले होते, मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली फोन धरून मी आकडे बघितले. सगळे रकान्यात बसत होते. ॲसिडिटी असेल, जास्त विचार करू नका, असं मी लिहिलं. आईला कसं दुखतं, कुठे दुखतं, हे मी तिला विचारलं नाही. पुढची तपासणी झाली तोवर तीन महिने गेले होते आणि डॉक्टरांकडे करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. हे घरात कुणी कधी बोललेलं नव्हतं. मला वाटत होतं ते फक्त मला माहीत आहे.

"चूक माजी हुती," मी पुन्हा म्हणालो. त्या दिवशीचं ते माझं दुसऱ्यांदा तेच वाक्य होतं आणि या वेळी ते कशालाच पुरत नव्हतं.

"तुजी नाय," बाबा म्हणाले. "तिच्या शेजारी मी निजत हुतंय."

ते वळले. घराच्या पायरीपर्यंत गेले, चपला काढल्या, सवयीने जोडीने लावून ठेवल्या. मग मागे न बघता त्यांनी विचारलं, "गावचा तिकीट कधीचा मिळात?"

मी खिशातून फोन काढला आणि तारखा बघायला लागलो.